डेकलवरचा अँटेना

चार माणसं दर रविवारी सकाळी तीन-तीन तास एका टेबलाला चिकटून बसली, तर वर्षभरात किती विमानं व्हावीत? आमची दोन होतात. फार तर अडीच. किस्से मात्र इतके होतात की आता ते एकमेकांत घुसायला लागलेत. परवा मी सुनेला एक गोष्ट आमच्यातल्या शहांची म्हणून सांगत होते, ती मुळात परबांची होती हे मला अर्ध्यावर आठवलं. सून म्हणाली, "आई, लिहून ठेवा. नाहीतर वर्षभराने सगळ्या गोष्टी तुमच्याच नावावर लागतील."

म्हणून हे.

आधी आम्ही करतो काय ते सांगते, कारण घाटकोपरच्या आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की आम्ही कमिटीची मीटिंग घेतो. आम्ही प्लास्टिकची छोटी विमानं जोडतो. खऱ्या विमानाची हुबेहूब नक्कल, हातभर लांब. खोक्यातून सुटे भाग येतात, ते जोडायचे, रंगवायचे. मग विमानावरचे पट्टे, नंबर, खिडक्या हे सगळं एका कागदावर छापून आलेलं असतं, त्याला डेकल म्हणतात. तुकडा कापून पाण्यात टाकला की कागदावरून सायीसारखा पातळ पापुद्रा सुटतो. तो विमानावर अलगद सरकवायचा. वाळला की हाताने रंगवल्यासारखा दिसतो.

आणि सगळ्यात शेवटी येतात बारके पार्ट. अँटेना, नळ्या, दिवे. काही तर तिळाएवढे. यांची जागा नेमकी डेकलवर असते. आधी लावले तर डेकल नीट बसत नाही, नंतर लावले तर पार्ट टिकत नाहीत. आमचे बहुतेक किस्से या एका भानगडीतून निघालेत.

* * *

मी सुनंदा राणे. एकतीस वर्षं डेंटल लॅबमध्ये दात घडवले. कवळ्या, कॅप, ब्रिज. घाटकोपरात रस्त्याने जाताना कितीतरी माणसं हसतात ती माझ्या हातच्या दातांनी, त्यांना माहीत नाही, मला माहीत आहे.

साठीच्या जरा अलीकडे मला अर्धांगवायूचा झटका आला. हलकाच होता. बोलणं-चालणं पंधरा दिवसांत परत आलं. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट मात्र माझं ऐकेना. लॅबच्या मालकांनी निरोप पाठवला, बरं वाटेपर्यंत आराम करा. चांगल्या मनानेच पाठवला होता. माझ्या टेबलावर त्यांनी दुसरी मुलगी बसवली, हेही खरं.

व्यायाम म्हणून एका वाटीतले राजमे चिमटीने उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे. दिवसातून चार वेळा. दुसरी वाटी भरली की परत पहिलीत. दोन-तीन महिने मी हेच केलं. राजमा या कडधान्याचाच मला राग यायला लागला. घरात कुणाशी धड बोलत नव्हते. मुलगा कामावरून आला की आधी सुनेकडे बघून अंदाज घ्यायचा, आज आईचा मूड कसा आहे.

अशात एका दुपारी बेल वाजली. दारात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी शहा. इन्शुरन्सचं काम करतात, जन्म घाटकोपरातला, मराठी माझ्यापेक्षा फास्ट. मला वाटलं पाण्याच्या टाकीचं काही सांगायला आले असतील. ते जरा चाचरतच म्हणाले, "ताई, दाताला भोक पाडायचं बारीक ड्रिल आहे का हो तुमच्याकडे? विमानाला पाडायचंय."

आजारपणानंतर मी पहिल्यांदा हसले. हसताना तोंड वाकडं होतंय का, हे बघायचंही विसरले.

ड्रिलची डबी काढली. पण ती त्यांच्या हातात दिली नाही. माझी हत्यारं मी कधीच कुणाला दिलेली नाहीत. डबी घेऊन स्वतःच त्यांच्यामागून सोसायटीच्या ऑफिसात गेले.

* * *

तिथे टेबलाशी परब बसले होते. तेव्हा हे दोघंच असायचे. परब राहायला दहिसरला, मूळचे कणकवलीकडचे. वडील गिरणीत होते. हे स्वतः विमानतळावर, हँगरमध्ये, विमानाच्या पत्र्याचं आणि रंगाचं काम करून रिटायर झाले. बोलतात कमी. राग आला की मालवणीत जातात, म्हणजे शहांशी ते बहुतेक मालवणीतच बोलतात.

त्या दिवशी हवाई दलाचं एक विमान चाललं होतं. बाजूला केशरी-पांढरा-हिरवा गोल बसवून झाला होता, आणि त्या गोलाच्या कडेवर एक छोटा अँटेना लावायचा होता. ड्रिल आणायला परबांनीच पाठवलं होतं, पण शहांना सगळं आजच्या आज हवं असतं. भोक-बिक नंतर बघू म्हणत त्यांनी झटपट चिकटणारा गोंद घेतला, एक थेंब टाकला, अँटेना टेकवला. चिकटला. पण मिनिटाभरात गोलावर गोंदाची वाफ धरली आणि धुकं पडल्यासारखा पांढरा डाग पसरला. शहा घाबरले आणि त्यांनी अँटेना उपटला. अँटेनाबरोबर अख्खा तिरंगी गोल वर आला. शहांच्या चिमटीत अँटेना, आणि त्याच्या खाली उलट्या छत्रीसारखा तो गोल लोंबत होता.

परबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"मेल्या, अँटेना तुका विमानाक लावूचो होतो. तू तो गोलाक लावलंस."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि हे मात्र शुद्ध मराठीत. डेकल म्हणजे नुसती कातडी. गोंद कातडीला पकडतो, पण कातडीने खालचं प्लास्टिक कुठे घट्ट धरलेलं असतं? जरा धक्का लागला की कातडी सोलून येते. म्हणून पार्टाचा पाय जेवढा, तेवढ्याच जागेवरचं डेकल सुईने काढायचं, खालचा रंगही खरवडायचा, आणि उघड्या प्लास्टिकला पार्ट लावायचा. बोलता बोलता शहांकडे बघून ते परत मालवणीत गेले. "कातड्याक नाय, हाडाक धर."

मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, दाताचंही तेच आहे. वरची चकाकी घासून खरखरीत केल्याशिवाय काही टिकत नाही."

परबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि पायाने एक खुर्ची पुढे सरकवली. "बसा बाई."

मी अजून तिथेच बसते.

* * *

बसले खरी, पण हात कुठे साथ देत होता! पहिले तीन-चार रविवार मी पाण्यातून डेकल काढून देणं, सुया पुसणं असलीच कामं केली. एकदा परबांनी आपलं स्वतःचं विमान माझ्यापुढे ठेवलं. त्यांनी त्यावर पूर्ण पावसाळा घालवला होता. लाल पट्ट्यावर एका जागी पेन्सिलने ठिपका केला होता. म्हणाले, "एवढं खरवडा."

मी म्हटलं, माझा हात थरथरतो. ते म्हणाले, ठाऊक आहे.

मी सुई टेकवली. ठिपका निघाला, आणि सुई पुढे सटकली. लाल पट्ट्यावरून सरळ पंखापर्यंत पांढरी रेघ. शहांनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं उठावं आणि घरी जावं, राजमे बरे.

परबांनी विमान उजेडात धरलं, रेघ बघितली आणि खाली ठेवलं. म्हणाले, "एकदा हँगरला असंच विमान आलं होतं. शिडीचा कोपरा घासला होता. बरोब्बर इथेच ओरखडा. आता हे खरं वाटतं."

ती रेघ त्यांनी तशीच ठेवली. मी त्या शिडीवर विश्वास ठेवला आणि पुढच्या रविवारी परत सुई धरली. दोन वर्षांनी शहांनी बोलता बोलता सांगून टाकलं की ते मॉडेल ज्या विमानाचं आहे, ते परबांच्या हँगरला आयुष्यात कधी आलेलं नव्हतं.

मी परबांना अजून काही विचारलेलं नाही.

* * *

चौथी आमची चैताली. तिला शहांनी आणलं.

शहांच्या मुलीचा साखरपुडा होता. नखं करून घ्यायला ती अंधेरीच्या एका पार्लरमध्ये गेली, शहा सोडायला गेले. तिथे एक मुलगी नखावर फुलं उठवत होती. कागदाचा तुकडा पाण्यात, पाण्यातून पापुद्रा नखावर. शहा बघतच राहिले. डेकलच की हे! मग तिने त्या फुलाच्या मधोमध मोहरीएवढा खडा लावला. शहा इतके पुढे वाकले की त्यांची लेक म्हणाली, पप्पा, तुम्ही बाहेर बसा ना.

ते बाहेर गेले नाहीत. त्यांनी पार्लरवालीला विचारलं, हा खडा पडत नाही का?

ही चैताली. वेसाव्याची, कोळ्यांची. आई बाजारात मासळी घेऊन बसते. तिने मान वर न करता उत्तर दिलं, "काका, माझी आई अशा नखांनी कोळंबी सोलते."

शहांनी तिला तिथल्या तिथे रविवारचं आमंत्रण दिलं. पार्लर दुपारी उघडतं, अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर किती लांब? ती उत्सुकतेनेच आली.

परब तिला बघून खूश झाले नाहीत. माझ्याकडे झुकून पुटपुटले, "ह्या नखां रंगवणारा चेडू आमका काय शिकवतला?"

चैतालीने पर्समधून डबी काढली. आधी तिने डेकलवर पारदर्शक रंगाचा एक हात मारला आणि वाळू दिला, म्हणजे पापुद्रा खाली बंद झाला, सुटायची भीती गेली. मग सुईने जागा मोकळी केली, अगदी परबांच्या पद्धतीने. मग सुईच्या टोकावर गोंदाचा कण. आणि पार्ट उचलायला तिने चिमटा घेतलाच नाही. तिच्याकडे पेन्सिलीसारखी कांडी होती, टोकाला मेण. कांडी नुसती पार्टाला टेकवली, पार्ट चिकटून वर आला. जागेवर ठेवला, कांडी जरा फिरवली, सुटला.

अर्ध्या तासाने परबांनी त्या अँटेनाला टिचकी मारली. हलला नाही. अजून एक मारली. मग ते उठले आणि खिडकीजवळची, उजेडाची आपली खुर्ची त्यांनी चैतालीला दिली. ती खुर्ची शहा इतकी वर्षं मागत होते.

माझं लक्ष कांडीवर होतं. चिमटा दाबून धरावा लागतो, आणि माझा अंगठा नेमकं तेवढंच करायला तयार नव्हता. कांडीला दाबणं नाहीच, फक्त टेकवणं. चैतालीनेच बघितलं असणार, कारण तिने कांडी माझ्यापुढे ठेवली. "मावशी, तुम्ही करा ना पुढचा."

मी केला. सरळ बसला. टिकला.

मग मी पाण्याची बाटली भरून आणते म्हणून उठले. बाटली भरलेलीच होती.

* * *

सगळं इतकं गंभीर नसतं. मे महिन्यातली गोष्ट. बारके पार्ट लावताना आम्हाला पंखा बंद करावा लागतो, त्यामुळे चौघंही घामाने निथळत होतो. परब विमानाच्या नाकाशी एक नळी लावत होते. अर्ध्या तांदळाएवढी. गोंद लावला, नळी उचलली, आणि शहा शिंकले. नळी गायब.

मग चौघंही गुडघ्यांवर. टेबलाखाली, कपाटाखाली, गणपतीच्या मखराच्या सामानात. वॉचमनने दारातून विचारलं, काय झालं? शहांनी फरशीवरूनच सांगितलं, नळी गेली. वॉचमन गेला. दहा मिनिटांनी तो प्लंबरला घेऊन आला.

प्लंबर भला माणूस. खरी भानगड कळल्यावर हसला नाही, आपला मोठा टॉर्च काढला आणि आमच्याबरोबर ओणवा झाला. एक वाजेपर्यंत शोधलं. नाही म्हणजे नाही. सगळे खट्टू होऊन घरी.

दुपारी परबांचा मला फोन. आंघोळ करताना सापडली. कोपरावर. "नळी माझ्याबरोबर दहिसराक इली," म्हणाले. आता पुढच्या रविवारी आणा, म्हटलं. पण नाही. संध्याकाळी ते गोळीच्या रिकाम्या डबीत कापूस घालून, त्यात ती नळी ठेवून दहिसरहून घाटकोपरला परत आले. वॉचमनला त्यांनी खास थांबून सांगितलं, प्लंबरला कळव, मिळाली म्हणून.

* * *

मुलुंडला एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं. स्पर्धाही होती. आम्ही आमचं सगळ्यात चांगलं विमान मांडलं. मी कांडीने लावलेले नऊ पार्ट त्यावर होते.

परीक्षक वयस्कर गृहस्थ. हातात भिंग आणि रबरी फुगा. प्रत्येक विमानावर फुगा दाबून आधी धूळ उडवायचे. आमच्या आधीच्या दोन टेबलांवर धुळीबरोबर अँटेनाही उडाले. मालकांचे चेहरे बघवत नव्हते. आमच्याकडे आले, फुगा दाबला. काही हललं नाही. परत जोरात दाबला. मग त्यांनी पेन्सिलचं टोक एका अँटेनाला लावून बघितलं आणि भिंगातून बराच वेळ पाहिलं. "डेकल कुठे कापलंय तेच दिसत नाही," म्हणाले. कसं केलं, असं विचारल्यावर आम्ही चौघं एकदम बोलायला लागलो. शहा तर आभाराच्या भाषणाची सुरुवात पुटपुटत होते.

परीक्षक शेपटीपाशी गेले आणि थांबले.

"हा नंबर उलटा आहे."

नंबरात नुसते इंग्रजी सहा, आठ आणि नऊ. उलटा लावला तरी तो वाचता येत होता. आम्ही चौघांनी तो चार महिने वाचला होता.

चैताली हळूच म्हणाली, "काका, काढून परत लावू या का?"

परब म्हणाले, "कसा काढणार? पक्का बसवलाय."

बक्षीस नाही मिळालं. पण ज्या दोघांचे अँटेना उडाले होते ते नंतर आमच्या टेबलाशी आले, आणि चैतालीने तिथेच त्यांचे बसवून दिले. त्यातल्या एकाला दुसरा नंबर मिळाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून, असं नाही म्हणणार. पण वाजवल्या.

* * *

एक छोटी गोष्ट. मेणाची कांडी मी एकदा लॅबमध्ये घेऊन गेले, सहज, सगळ्यांना भेटायला. माझ्या टेबलावरची मुलगी पुढच्या दातांवर बसवायची पातळ टरफलं चिमट्याने उचलत होती आणि दोन-तीनदा एक टरफल तिच्या हातून निसटलं. मी कांडी पुढे केली. तिने उचललं, बसवलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हे तुम्ही कुठे शिकलात?"

मी म्हटलं, नखांच्या पार्लरवालीकडून, विमानं करताना.

तिला वाटलं, आजारपणाचा डोक्यावर परिणाम झालाय. पण मालकांनी ते पाहिलं होतं. आता मी आठवड्यातून तीन दिवस जाते. टेबल तिचंच आहे. माझं शेजारी टाकलंय.

* * *

आणि म्हात्रेसाहेबांचं विमान.

म्हात्रेसाहेब हँगरमध्ये परबांचे वरिष्ठ. विमान उडायला योग्य आहे, अशी सही त्यांची. आता चेंबूरला मुलीकडे असतात. डायबेटिसने दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून बाहेर पडणं बंद, बोलणं जवळपास बंद. परब महिन्यातून एकदा जायचे, तासभर गप्प बसायचे आणि परत यायचे. हे आम्हाला ठाऊक नव्हतं. एका रविवारी त्यांनी एक खोकं टेबलावर ठेवलं, जुन्या प्रवासी विमानाचं, आणि सांगितलं. या विमानावर त्या दोघांनी सोळा वर्षं काम केलेलं. साहेबांच्या हातात द्यायचंय.

हातात. म्हणजे हाताळायला. आमची विमानं बघायची असतात, त्यांना कुणी हात लावत नाही. हे सगळीकडून चाचपलं जाणार.

शहांनी विचारलं, आणि प्रश्न काही चुकीचा नव्हता, की त्यांना दिसत नाही तर डेकल कशाला लावायचे? साध्या प्लास्टिकवर पार्ट किती सोपे बसतील.

"त्यांका दिसणा नाय," परब म्हणाले. "माका दिसता."

मग डेकल लावले. खिडक्या, दारं, नाकापासून शेपटीपर्यंत निळी पट्टी. चैताली म्हणाली, पट्टी बोटाला लागली पाहिजे, आणि तिने नखांवर उंच रेघ काढतात तशी पारदर्शक रेघ पट्टीच्या वरच्या कडेवर ओढली. मग चौदा पार्ट. आम्ही नेहमीसारखे लावले, वाळू दिले, आणि प्रत्येकाने डोळे मिटून विमान चाचपलं. पहिल्याच फेरीत तीन तुटले. परबांचा चेहरा पडला.

मी घरी जाऊन माझी जुनी डबी आणली. दात बांधायची स्टीलची तार. उरलेले पार्टही काढून घेतले आणि प्रत्येकाच्या पायात तारेचा खिळा घातला. डेकलवर सुईने गोल कापून तेवढा पापुद्रा उचलला, म्हणजे फाटायला नको. मग दाताचं बारीक ड्रिल बोटांत धरून हातानेच फिरवलं, हळूहळू, आरपार. खिळा आत, बुडाशी सुताराच्या पांढऱ्या गोंदाचा थेंब. असे चौदा. पाच रविवार लागले. कांडी फक्त पहिल्या सहांना वापरली. सातवा पार्ट मी चिमट्याने उचलला, हे मला तो बसवून झाल्यावर कळलं. शेजारून शहा बघत होते. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी ढोकळा मागवला.

चेंबूरला चौघंही गेलो. मुलीने दारातच सांगितलं, बाबा फारसे बोलत नाहीत, वाईट वाटून घेऊ नका. म्हात्रेसाहेब खिडकीशी खुर्चीत बसले होते. परबांनी आमची नावं सांगितली. त्यांनी मान हलवली. परबांनी विमान त्यांच्या मांडीवर ठेवलं.

बराच वेळ त्यांनी हात लावला नाही. मग एक बोट शेपटीवर आलं. तिथून पाठीवर. पहिला अँटेना, दुसरा. बोट प्रत्येकापाशी थांबायचं, जरा दाबायचं, पुढे जायचं. एकही हलला नाही. मग दोन्ही हात बाजूंना उतरले आणि चैतालीच्या रेघेवर आले.

"निळी पट्टी," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून मुलगी हातात कप घेऊन बाहेर आली आणि तिथेच उभी राहिली.

बोटं पट्टीवरून पुढे सरकत नाकापर्यंत गेली. तिथे बाजूला एक बारीक नळी होती. ती त्यांनी अंगठा आणि बोटाच्या मध्ये अलगद धरली, आणि आमच्याशी बोलायला लागले, वर्गात शिकवावं तसं. विमान जमिनीवर असताना या नळीवर लाल कापडाची टोपी घालतात, आत किडामुंगी जाऊ नये म्हणून. उडायच्या आधी ती आठवणीने काढायची. राहिली, तर वर गेल्यावर विमानाला स्वतःचा वेग कळत नाही.

मग त्यांनी परब बसले होते तिकडे चेहरा वळवला.

"परब, टोपी काढलीस?"

परब खुर्चीतून उठून सरळ उभे राहिले. "काढली, साहेब."

म्हात्रेसाहेबांनी दोन्ही हातांनी विमान मांडीवरून उचललं आणि खिडकीतून वारा येत होता तिकडे त्याचं नाक केलं.

"मग जाऊ दे," ते म्हणाले.